पाद्रीबुवा कुंपणाअलीकडे पडले

त्या वर्षी मका शेतातच उभा राहिला. ऑक्टोबरभर पावसाची झड लागून होती, आणि झड थांबली तेव्हा आमचा हार्वेस्टर बसला. कुठलंसं बेअरिंग गेलं होतं. ऑर्व्हल, माझा नवरा, दिवसच्या दिवस त्या धुडाखाली पाठ टेकून पडलेला असायचा. मी बाजूला बादली पालथी घालून बसायची आणि पाना, हातोडी, ग्रीसचा डबा, जे मागेल ते खाली सरकवायची. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला. खाली जाताना तो नुसता कण्हायचा, वर येताना जे बोलायचा ते इथे सांगण्यासारखं नाही.

शेत माझ्या बापाचं. मला भाऊ नाही. बाप गेला तसं सगळं माझ्या नावावर आलं: टेकडीचा उतार, खालची लसूणघासाची पट्टी, पूर्वेकडची ओकच्या झाडांची घळ आणि तिच्यातून वाहणारा ओहोळ. ऑर्व्हल लग्न करून इथे राहायला आला. म्हणजे घरजावईच. आमच्या खोऱ्यात सगळी नॉर्वेकडून आलेल्यांची घरं, माणसं भारी सभ्य. असलं काही तोंडावर कोणी बोलत नाही. पाठीमागे बोलायला मात्र कोणी चुकत नाही. ऑर्व्हलने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान मला तसं वाटायचं.

आमच्याकडे शिकारीची एक रीत आहे. ज्याला आमच्या रानात हरीण मारायचं असेल त्याने पानगळीच्या दिवसांत घरी यायचं, स्वयंपाकघरात बसायचं, कॉफी घ्यायची, हवापाण्याचं बोलायचं आणि उठता उठता विचारायचं. बापाच्या वेळी बापाला विचारायचे, आता मला. एमिलकाका तर माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्या घळीत शिकारीला बसतात. ऐंशीच्या पुढे गेले, हृदयाचं दुखणं आहे, तरी दरवर्षी येतात आणि कपातली शेवटची कॉफी ओठाला लावून विचारतात, बसू का गं यंदा घळीत? मी म्हणते, काका, विचारायचं काय त्यात. ते म्हणतात, न विचारता कसं जायचं. आणि खरं सांगू? एखाद्या वर्षी ते न विचारता गेले असते ना, तर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं असतं.

आमच्या वरच्या अंगाला स्टेन्सलीनचं शेत. म्हातारा गेला आणि पोरांनी ते शिकागोच्या एका माणसाला विकून टाकलं. हॉल्डेन त्याचं नाव. पन्नाशीचा, धडधाकट, कपडे सगळे कोरे करकरीत. त्याने त्या कसदार जमिनीत मका लावला नाही की गवत केलं नाही. सलगम पेरले, हरणांना खायला. मधोमध चार खांबांवर खोकं उभं केलं. त्याला काचेच्या खिडक्या, आत गुबगुबीत खुर्ची. शिंगवाला एखादा मोठा नर मारायचा आणि मुंडकं भिंतीवर लावायचं, एवढ्यासाठी अख्खं शेत. हा माणूस हरणांसाठी पेरतो म्हटल्यावर ऑर्व्हल म्हणाला, "आपल्याकडे ती न पेरता खातात." आम्ही दोघं मनसोक्त हसलो.

आणि तसा नर होता. खोऱ्यातली माणसं त्याला पाद्रीबुवा म्हणायची. चालणं तसंच होतं त्याचं, मान ताठ, घाई नाही, सगळी मंडळी आपल्यासाठीच खोळंबली आहेत अशा थाटात. दिवसा माझ्या घळीत झोपायचा आणि संध्याकाळी माझ्या लसूणघासात उतरायचा. शिंगांचा पसारा एवढा, की झाडीतून बाहेर येताना डोकं आधी एका बाजूला कलवायला लागायचं. माझ्या मक्याचा त्याने कमी नाश केला नाही. तरी तो वाटेत आला की मी ट्रॅक्टर थांबवायची आणि त्याला पुढे जाऊ द्यायची. माझ्या रानात पोसलेलं जनावर ते. मला त्याचा अभिमान होता, यात लपवण्यासारखं काय आहे?

नोव्हेंबर निम्मा झाला होता. वाऱ्याने वरच्या कुंपणावर फांदी पडली म्हणून मी तारा ओढायला गेले, तर माझ्याच ओकच्या झाडाला ॲल्युमिनियमची शिडी आणि वर बैठक. मचाण. साखळी गुंडाळून कुलूप घातलेलं. समोरच्या फांद्या करवतीने कापून माझ्या लसूणघासापर्यंत नजर मोकळी केलेली. कुंपणाच्या आमच्या अंगाला, चांगलं आत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन मोठा कटर आणला, साखळी तोडली आणि ती शिडी एकटीने खाली घेतली. चिखलात पाय रुतत होते, शिडी खांद्यावर आली तेव्हा कळ थेट कानापर्यंत गेली. पण फेकली नाही मी. तारांवरून पलीकडे नेली, नीट घडी घातली, पट्टे बांधले, कापलेली साखळी वर ठेवली. उगाच कोणी म्हणायला नको, की त्या बाईला रीतभात नाही.

घरी येऊन ऑर्व्हलला सांगितलं.  तो एरवीही कमीच बोलतो. पण त्या दिवशी तो कॉफीत नुसताच चमचा ढवळत राहिला, आणि साखर तो घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तारेचे खिळे आणायला पशुखाद्याच्या दुकानात गेले. तिथे हॉल्डेन उभा. खोऱ्यातली ओळखीची माणसं आजूबाजूला. तो हसतमुखाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, माझं मचाण काढलंत तुम्ही. काही गैरसमज झालाय. तुमच्या मालकांशी बोलणं झालंय माझं. मालकांनी परवानगी दिलीय."

मालक. दुकानातली माणसं एकदम पोत्यांवरची अक्षरं वाचायला लागली. मी तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद केलं असतं, मला बोलणं काही जड जात नाही. पण ऑर्व्हल काय बोललाय हे मलाच ठाऊक नव्हतं. कालचा तो चमचा डोळ्यांपुढे आला. हाताशी होतं ते गुरांचं मीठ उचललं आणि बाहेर पडले. खिळे तिथेच राहिले.

घरी जाऊन मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो काही विचारू नका. ऑर्व्हल पुन्हा पुन्हा म्हणत होता की मी हो म्हटलं नाही.

"मग काय म्हटलंस?"

"बघू म्हटलं."

झालं होतं असं. मी गुरांकडे गेलेली, ऑर्व्हल हार्वेस्टरखाली, दोन्ही हातांनी बेअरिंग धरून. फक्त बूट बाहेर. हॉल्डेन आला आणि त्या बुटांशी बोलायला लागला. कुंपणालगत तुमच्या झाडावर मचाण बांधू का, माझं हरीण तुमच्याकडे आलं तर न्यायला येऊ का. ऑर्व्हलला तो एकदाचा जायला हवा होता, म्हणून म्हणाला, बघू. आता आमच्या खोऱ्यात बघू म्हणजे नाही. नाही हा शब्द इथे कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही. मुलगी मागायला आलेल्यालासुद्धा बघूच म्हणतात, आणि तो शहाण्यासारखा टोपी घालून घरी जातो. हॉल्डेन घरी जायच्या ऐवजी साखळी विकत घ्यायला गेला.

ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. बघूचा अर्थ कळला नाही, परका माणूस, चालायचंच. माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. गुरांचा व्यापारी आला, गवत मागायला कोणी आला, तर ऑर्व्हल सरळ सांगतो, आर्डिसला विचारा, म्हणजे मला. आजवर कधी त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. मग याच माणसाला का नाही सांगितलं? मी विचारलं. ऑर्व्हल गुडघा चोळत बसला. मला कळलं. चिखलात उताणा पडलेला माणूस, तोंडावर ग्रीस गळतंय, आणि वर उभा असलेला तो कोऱ्या बुटांचा त्याला मालक म्हणतोय. निदान तेवढ्यापुरतं त्याला मालक राहायचं होतं. कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलायला लागलो. हार्वेस्टर सुरू झाला, थंडी पडली, जमीन कडक झाली आणि आम्ही मका काढायला घेतला. तो यंत्रावर, मी ट्रॉलीवर. धुरळ्याने डोळे लाल, हातांना भेगा, नखांच्या कडेला रक्त. एरवी दुपारी आम्ही ट्रॉलीच्या आडोशाला बसून एकाच डब्यातलं खातो. त्या दिवसांत तो वर यंत्रातच बसून खायचा. खोऱ्यात बोलणं सुरू झालंच होतं. चर्चमध्ये एक बाई माझा हात दाबून म्हणाली, अगं, शेवटी पुरुषमाणसाचा शब्द. मी नुसती हसले. ते हसू मला घरी येईपर्यंत कडू लागत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडला. सकाळपासून बर्फाळ पावसाचे बारीक कण येत होते. एमिलकाका नारिंगी जाकीट घालून घळीत जाऊन बसले होते. आम्ही दोघं गुरांना गवत टाकत होतो. तेवढ्यात वरून एक बार झाला. एकच. ऑर्व्हलने हातातला गवत उचलायचा काटा ढिगात खुपसला आणि माझ्याकडे बघितलं. एकच बार म्हणजे नेम लागला.

थोड्या वेळाने एमिलकाका धापा टाकत वर आले. आधी त्यांना बसवलं, मग त्यांनी सांगितलं. पाद्रीबुवा पडले. हॉल्डेनने त्याच्या खोक्यातूनच मारलं, त्याच्या हद्दीत, खांद्यामागे, स्वच्छ. तेवढं काकांनी मान्य केलं. पण गोळी लागल्यावर जनावर कुंपणावरून उडी मारून आलं, उतार उतरलं आणि आमच्या घळीच्या तोंडाशी येऊन कोसळलं. मागोमाग हॉल्डेन बंदूक घेऊन तारांवरून आत. शिंगं धरून स्वतःचे फोटो काढत होता. काका म्हणाले, बाबा रे, आधी आर्डिसला विचारायला पाहिजे. तर तो म्हणाला, म्हातारबाबा, मालकांशी ठरलंय आमचं, तुम्ही मध्ये पडू नका. आणि अडवाअडवी करतात म्हणून त्यानेच शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन लावला होता.

आम्ही पिकअप घेऊन गेलो. ऑर्व्हल गाडी चालवत होता, मध्ये काका, मी खिडकीशी.

पाद्रीबुवा कुशीवर पडले होते. अंग अजून गरम असावं, बर्फाचे कण त्यावर पडले की विरघळत होते. इतक्या जवळून मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. नाकपुडीशी माझ्या लसूणघासाची एक काडी चिकटली होती. मी वाकून ती काढली. हरीण मारू नये अशातली मी नाही, दर हिवाळ्यात हरणाचं मांस आमच्या घरात शिजतं. तरी ती काडी मी खिशात ठेवली.

वॉर्डन आली. मार्नी नाव तिचं, पलीकडच्या खोऱ्यातली, तिच्या आईला मी शाळेपासून ओळखते. तिने हॉल्डेनचा परवाना बघितला, रक्ताचा माग बघितला, आणि विचारलं, आत यायची परवानगी घेतली होती का. तो म्हणाला, मालकांची घेतली होती. मार्नीने विचारलं, नेमकं काय म्हणाले ते?

"म्हणाले, बघू."

मार्नीने हातमोजा तोंडाशी नेला. हसू दाबून झाल्यावर म्हणाली, "साहेब, मग ते नाही म्हणाले."

हॉल्डेन लालबुंद झाला. काय माणसं आहात तुम्ही, कोर्टात गेलो तर बघूचा अर्थ कोण लावणार, पुरुषाच्या शब्दाला इथे काही किंमत आहे की नाही, असं पुष्कळ बोलला. मग एकदम आवाज खाली आणून ऑर्व्हलकडे वळला. एका पुरुषाने दुसऱ्याला सांगावं तसं म्हणाला, "तुम्ही घरचे मालक. तुमच्या एका शब्दाचं काम आहे. सांगून टाका आणि मिटवा."

सगळे ऑर्व्हलकडे बघायला लागले. मी बघितलं नाही. मी हरणाच्या कानाकडे बघत राहिले. मी भ्याले होते, उगाच कशाला नाही म्हणू. आता हा सवयीने म्हणाला असता, न्या बाबा, काय ते न्या, तर हरीण गेलं असतं आणि त्याबरोबर माझ्या बापाचं शेतही गेलं असतं. कागदावर राहिलं असतं माझं, पण संध्याकाळपर्यंत खोऱ्यात झालं असतं की विचारायचं ते ऑर्व्हलला, बाईचं काय. आणि तो काहीच बोलला नसता तरी तेच.

 ऑर्व्हल दुखऱ्या पायावरून चांगल्या पायावर आला, ताठ झाला.

"मालक मी नाही," तो म्हणाला. "मालक ही आहे. मी हिच्या शेतात राहतो. लग्न झाल्यापासून राहतो आणि इथे मला काही कमी पडलेलं नाही. तुम्ही आलात तेव्हाच म्हणायला हवं होतं की हिला विचारा. मी बघू म्हणालो, ते माझं चुकलं."

अख्ख्या ऑक्टोबरात तो एवढं बोलला नव्हता. एमिलकाकांनी समाधानाने मान हलवली. आणि मला अभिमान वाटला. शिंगांचा वाटला, शेताचा वाटतो, पण हा तसला नव्हता. परक्यांच्या देखत, चिखलात उभं राहून, न लाजता बोलला माझा नवरा. त्याला तिथेच मिठी मारावी असं वाटलं. आमच्यात तसं करत नाहीत, म्हणून मी नाक पुसलं.

मार्नीने हॉल्डेनला समजावून सांगितलं. हरीण तुमचं, तुमच्या हद्दीत मारलंय, त्याबद्दल वाद नाही. पण या बाईंनी सांगेपर्यंत तुम्ही इथे पाय ठेवायचा नाही. बंदूक रिकामी करा आणि कुंपणापलीकडे जा. न विचारता आत आलात त्याचं काय करायचं ते मी नंतर बघते. तो गेला. वर चढताना दोनदा घसरला, तारांवरून जाताना त्याच्या कोऱ्या जाकिटाची बाही फाटली. पलीकडे जाऊन उभा राहिला.

"मावशी, काय करायचं?" मार्नीने मला विचारलं.

मी त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला अजून कोणी काही विचारलेलं नाही."

सगळे थांबले. हॉल्डेनने ऐकलं होतं. तो त्याच्या सलगमच्या शेताकडे बघत राहिला. दोन शब्द, पण ते त्याच्या तोंडातून निघत नव्हते. मी त्याला तिथे अंधार पडेपर्यंत उभा करू शकले असते. मनात आलंही माझ्या, मोह कोणाला सुटलाय. रात्री कोल्ह्यांनी निम्मं खाल्लं असतं आणि कायद्याने कोणी मला काही म्हणालं नसतं. पण माझ्या घासावर वाढलेलं जनावर, ते आम्हा दोघांच्या ताठ्यापायी कुजू द्यायचं? माझ्या बापाने मेलेलं हरीण कधी रानात पडू दिलं नव्हतं.

"ऑर्व्हल, दोर आण," मी म्हणाले. "त्यांना आत यायची गरज नाही. आपण नेऊन देऊ."

ऑर्व्हलने माझ्याकडे बघितलं आणि हसला. कितीतरी दिवसांनी. पिकअप त्या घसरत्या उतारावर चढली नसती, म्हणून शिंगांच्या बुडाशी दोर बांधला, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. काका पुढे आले, त्यांना मी हृदयाची आठवण करून दिली. मार्नी पुढे आली, तिला म्हटलं, तू सरकारी माणूस, तू उभी राहा आणि बघ. पोटही साफ न केलेलं ते धूड. ओली पानं पायाखालून निसटायची. चार पावलं ओढायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. दोर तळहाताच्या भेगांत शिरत होता. मचाण उतरवताना दुखावलेला खांदा ओरडत होता, पण ऑर्व्हलचा गुडघा त्याहून जास्त, मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. एकदा तो म्हणाला, "तुझ्या बापाने दिलेल्या कामात हे नव्हतं." मला एवढं हसू आलं की दोर सुटला आणि पाद्रीबुवा पुन्हा खाली घसरले. परत ओढले.

कुंपणापाशी आलो. ऑर्व्हलने खालच्या तारेवर पाय दिला, वरची हाताने वर उचलली. मधल्या फटीतून मी हरणाचं डोकं पलीकडे सारायला लागले. ती शिंगं. एक टोक तारेत अडकलं, ते सोडवायला मान वळवली तर दुसरं अडकलं. मी खाली वाकून मान खांद्यावर घेतली, आणि त्याच वेळी ऑर्व्हलचा गुडघा गेला. तो चिखलात बसलाच. तार सुटून माझ्या जाकिटात रुतली. मान माझ्या खांद्यावर, शिंगं तारेत, मला धरून ठेवता येईना आणि सोडलं तर ते सगळं ऑर्व्हलवर. मागून मार्नी पळत येताना ऐकू आली, पण ती लांब होती.

हॉल्डेन पलीकडून हात लांब करत होता. पोचत नव्हता. त्याने एक हात खांबावर टाकला, खालच्या तारेवर चढला, एक पाय या बाजूला टाकला. आणि थांबला. तो कोरा बूट माझ्या मातीच्या वर तसाच अधांतरी राहिला. त्याने ऑर्व्हलकडे बघितलं नाही, मार्नीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर पाणी, श्वास फुललेला.

"बाई," तो म्हणाला, "येऊ का?"

"ये," मी म्हणाले. "आधी माझ्या नवऱ्याला हात दे."